वाळवंट तेच, विहीर तीच: अरब सिनेमा आणि हॉलीवूड मोजायचे कशाने?

एरवी आपण इथे सिनॉप्सिस कशी लिहायची, सॅम्पल किती घ्यायचं, प्रश्न आणि गृहीतक यांत फरक काय, असल्या गोष्टींवर बोलतो. आज सिनेमावर बोलू. विषय बदललाय असं वाटेल, पण पीएच.डी.च्या मुलाखतीत भल्याभल्यांची गाडी ज्या प्रश्नावर अडते, तोच प्रश्न आज सोबत घेतलाय: "तुम्ही म्हणताय ते ठीक आहे, पण मोजणार कशाने?"

आता हे विधान बघा. "हॉलीवूड अरबांना वाईट दाखवतं आणि अरब दिग्दर्शक त्यांना चांगलं दाखवतात." कँटीनमध्ये हे वाक्य टाकलंत तर चार जण माना डोलावतील. मी रसायनशास्त्रातली, सिनेमा हा काही माझ्या थिसिसचा विषय नाही. पण गेली काही वर्षं लॅबमधून उशिरा परतल्यावर मी दोन्हीकडचे सिनेमे बघत आलेय. त्यातून माझं मत असं झालंय की या वाक्याचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे, दुसरा अर्धा खोटा आहे, आणि दोन्हींना जोडणारी 'चांगलं-वाईट' ही पट्टीच अपुरी आहे. एकेक तपासू. पुढे काही सिनेमांची गोष्ट थोडीफार फुटेल, तेवढी तयारी ठेवा.

आधी पहिला अर्धा भाग

जॅक शाहीन हे लेबनीज वंशाचे अमेरिकन अभ्यासक. 'रील बॅड अरब्स' हे त्यांचं पुस्तक २००१ साली आलं. त्यांनी काम काय केलं? अगदी मूकपटांच्या काळापासूनचे, अरब पात्रं असलेले नऊशेहून जास्त हॉलीवूडपट धुंडाळले आणि प्रत्येकात अरब माणूस कसा दाखवलाय याची नोंद केली. नि:संकोच सकारात्मक म्हणावेत असे सिनेमे हाती लागले साधारण डझनभर. बाकी बहुतेकांत अरब म्हणजे खलनायक, अतिश्रीमंत मूर्ख शेख, उंटावरचा लुटारू, नाहीतर बॉम्ब घेतलेला माणूस.

संशोधन करू पाहणाऱ्यांनी या कामाला मनातल्या मनात सलाम ठोकावा. एखादा सिनेमा उचलून "बघा, कसं दाखवलंय" म्हणणं सोपं असतं, कारण समोरचा लगेच उलटं दाखवणारा दुसरा सिनेमा काढतो. नऊशे नोंदींसमोर ही चाल चालत नाही. अपवाद असतातच, पण ते अपवाद आहेत हे आता आकड्यांत दिसतं.

उदाहरणं तुमच्या ओळखीचीच आहेत. 'बॅक टु द फ्यूचर' (१९८५) हा विज्ञानवाल्यांचा लाडका सिनेमा. त्यात टाइम मशीनला प्लुटोनियम लागतं, ते डॉक ब्राउनने लिबियन अतिरेक्यांना फसवून मिळवलेलं असतं, आणि ते अतिरेकी मॉलच्या पार्किंगमध्ये व्हॅनमधून गोळ्या झाडत येतात. हे लोक कोण, कशासाठी भांडतायत, काही नाही. गोष्टीला तेवढ्यापुरतं कुणीतरी मागे लागायला हवं होतं, म्हणून ते आले. 'ट्रू लाइज' (१९९४) मध्ये तर अख्खी अतिरेकी टोळी आहे आणि तिचा बराचसा उपयोग विनोदासाठी केलाय.

'रूल्स ऑफ एंगेजमेंट' (२०००) जास्त गंभीर आहे, म्हणून जास्त विचार करायला लावतो. येमेनची राजधानी साना, तिथल्या अमेरिकी दूतावासाबाहेर जमलेला जमाव. अमेरिकी सैनिक जमावावर गोळीबार करतात, बायका-मुलं मरतात, अधिकाऱ्यावर खटला उभा राहतो. आणि मग सिनेमा उलगडून दाखवतो की जमावाकडे शस्त्रं होती, अगदी एक पाय गमावलेल्या लहान मुलीच्या हातातसुद्धा. म्हणजे आधी तुम्हाला वाईट वाटू दिलं जातं, आणि नंतर सांगितलं जातं की वाईट वाटायची काही गरज नव्हती. त्यातलं साना शहर, बाय द वे, मोरोक्कोत उभं केलेलं होतं.

आमच्या विभागात एक येमेनी संशोधक होते. अरब देशांतून शिकायला आलेली मुलं पुण्याला नवी नाहीत. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो. लॅबमध्ये एखादं ज्वलनशील सॉल्व्हंट मागवायचं असलं की कुणी ना कुणी त्यांच्याकडे बघून तोच तो विनोद करायचं. भाई हसायचे. एकदा चहाला खाली उतरल्यावर म्हणाले, "या मुलांना आयुष्यात भेटलेला पहिला येमेनी मीच आहे. मग हा विनोद यांच्याकडे माझ्या आधी कसा काय पोचला?"

विनोद करणारी पोरं दुष्ट नव्हती. भाईंना नोट्स देणारी, आजारपणात डबा आणून देणारी तीच पोरं होती. पण भाईंच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. शाहीन यांचे आकडे महत्त्वाचे का आहेत, हे मला त्या चहाच्या टपरीवर नीट कळलं. पडद्यावरचं मोजमाप शेवटी शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या वाट्याला येतं.

पट्टी कुठे मोडते

आता विधानाचा दुसरा अर्धा भाग. लॅबमध्ये एखादं उपकरण एका प्रकारच्या नमुन्यावर नीट चालतं, म्हणून ते दुसऱ्यावरही चालेल असं आपण धरत नाही. आधी ओळखीचा नमुना घालतो, आकडा बरोबर येतो का बघतो. तसंच शाहीन यांची 'सकारात्मक-नकारात्मक' ही पट्टी उचलून अरब दिग्दर्शकांच्या गाजलेल्या सिनेमांवर लावून बघू.

'पॅरडाइज नाउ' (२००५), दिग्दर्शक हानी अबू-असद. सईद आणि खालिद हे नाब्लुसमधल्या मोटार गॅरेजात काम करणारे दोन मित्र. त्यांना आत्मघाती हल्ल्यासाठी निवडलं जातं. नोंद: नकारात्मक.

'कपर्नाउम' (२०१८), दिग्दर्शिका नदीन लबाकी. बैरूतच्या झोपडपट्टीतला झैन नावाचा मुलगा आईबापांवर खटला भरतो, का तर मला जन्म का दिलात. याच आईबापांनी त्याच्या कोवळ्या वयाच्या बहिणीचं लग्न लावून दिलेलं असतं. नोंद: नकारात्मक.

'थीब' (२०१४), दिग्दर्शक नाजी अबू नोवार. वाळवंटातला एक दरोडेखोर, ज्याच्या टोळीने छोट्या नायकाच्या भावाला मारलंय. नोंद: नकारात्मक.

झालं! आपल्या पट्टीनुसार अरबांचं वाईट चित्रण करण्यात अरब दिग्दर्शकच आघाडीवर निघाले. असा निकाल आला की शहाणा विद्यार्थी नमुन्याला दोष देत नाही, उपकरण उघडून बघतो.

'पॅरडाइज नाउ'मधला एक प्रसंग सांगते. हल्ल्याला जाण्याआधी खालिद कॅमेऱ्यासमोर उभा राहून हौतात्म्याचं भाषण रेकॉर्ड करतो. हातात बंदूक, मागे फलक, आवेशपूर्ण शब्द. भाषण संपतं आणि कळतं की कॅमेरा चाललाच नाही. परत करा. समोर बसलेले लोक तोवर खायला लागलेत. दुसऱ्या खेपेला तो बोलता बोलता मध्येच आईला सांगतो की पाण्याचा फिल्टर अमुक दुकानात स्वस्त मिळतो, तिथून घे. मरायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात घरचा फिल्टर आहे! 'ट्रू लाइज'मध्येही अतिरेक्याचं भाषण चित्रित करताना कॅमेऱ्याची बॅटरी संपते. प्रसंग जवळजवळ एकच. तिथे आपण त्या माणसावर हसतो आणि पुढे जातो. इथे हसू येतं आणि पोटात गोळा येतो, कारण आपल्याला त्याची आई माहीत आहे, गॅरेज माहीत आहे.

यावर वाद झाला आणि तो होणं साहजिक होतं. सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा आत्मघाती हल्ल्यांत आपली माणसं गमावलेल्या इस्रायली कुटुंबांनी त्याविरुद्ध अर्ज केला. त्यांचं दु:ख खोटं नव्हतं. पण कारण शोधणं आणि समर्थन करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. रोग का पसरला हे सांगणारा माणूस रोगाच्या बाजूचा नसतो. सिनेमाच्या आत सुहा नावाची मुलगी हल्ल्याच्या कल्पनेशी कडाडून भांडते, तिची बाजू दुबळी केलेली नाही, हेही नोंदवायला हवं.

तर शाहीन यांची पट्टी चुकीची नव्हती. ज्या प्रश्नासाठी बनवली त्या प्रश्नाला ती पुरेशी होती. ती फक्त पात्राचं वर्तन मोजते. सिनेमा त्या पात्राकडे कुठून बघतो, हे ती मोजत नाही.

कंट्रोल हवाय? विहिरीवर चला

कुठून बघतो हे मोजायचं कसं? दोन प्रयोगांत एकच गोष्ट वेगळी आणि बाकी सगळं शक्य तेवढं सारखं, असं काही मिळालं तर बरं. सिनेमात असं सहसा मिळत नाही. पण एक जोडी आहे.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२), दिग्दर्शक डेव्हिड लीन. साडेतीन तासांहून मोठा, सात ऑस्कर. आणि आपला 'थीब', शंभरेक मिनिटांचा, ऑस्कर नामांकन मिळवणारा जॉर्डनचा पहिला सिनेमा. काळ एकच: पहिलं महायुद्ध, हिजाझ, तुर्कांच्या उस्मानी साम्राज्याविरुद्धचा उठाव. दोन्हींचं बरंच चित्रण जॉर्डनच्या वाळवंटात झालं, त्यात वादी रमही आलं. दोन्हींत एक इंग्रज अधिकारी आहे, त्याला वाट दाखवणारा स्थानिक माणूस आहे आणि विहीर आहे. इतकंच काय, 'लॉरेन्स'मधला औदा अबू ताय हा हुवैतात टोळीचा प्रमुख. आणि 'थीब'चा मुख्य बालकलाकार जासिर ईद हा हुवैतातच. औदाची भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या अँथनी क्विनने, नकली नाक लावून. 'थीब'मध्ये इंग्रज अधिकाऱ्याचा नट सोडला तर प्रमुख भूमिका अभिनयाचा अनुभव नसलेल्या स्थानिक बदूंनीच केल्यात.

आता 'लॉरेन्स'मधला विहिरीचा प्रसंग आठवा. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या तफास विहिरीवर पाणी पितात. दूर क्षितिजावर मृगजळात एक ठिपका हलतो, हळूहळू मोठा होतो. उंटावरचा स्वार. गोळी सुटते, तफास कोसळतो. विहीर दुसऱ्या टोळीची होती, परवानगी नव्हती. मारणारा शरीफ अली, म्हणजे ओमर शरीफ, इजिप्तचा तेव्हाचाच मोठा नट. सिनेमाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम प्रवेशांत याची गणना होते आणि ती रास्तच आहे. पण प्रसंगाचा उपयोग कशासाठी झाला ते बघा. तफास मेल्यावर लॉरेन्स अलीला सुनावतो की टोळ्या टोळ्यांत असे भांडत राहाल तोवर क्षुद्रच राहाल. तफासचं घर कुठे, त्याच्यामागे कोण, सिनेमाला पर्वा नाही. त्याचं मरण लॉरेन्सच्या भाषणाची तयारी आहे. लॉरेन्स पुढे एकटा निघतो आणि आपणही त्याच्याबरोबर.

'थीब'मध्ये उलटं होतं. रात्री तंबूबाहेर एक इंग्रज आणि त्याचा साथीदार येऊन उभे राहतात. पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, म्हणून थीबचा मोठा भाऊ हुसेन त्यांना विहिरीची वाट दाखवायला निघतो. धाकटा थीब गुपचूप मागे जातो. त्या इंग्रजाकडे एक लाकडी पेटी असते. थीब हात लावायला जातो तर तो खेकसतो. तो बोलतो ती भाषा थीबला कळत नाही, पेटीत काय आहे तेही कळत नाही, आणि कॅमेरा थीबपेक्षा जास्त काही सांगत नाही. मग दरोडेखोरांचा हल्ला होतो आणि तो इंग्रज मरतो. सिनेमा अर्ध्यावरही आलेला नसतो! ज्याच्यावर दुसरा सिनेमा साडेतीन तास चालला असता, तो माणूस इथे वाळूत पडून राहतो आणि गोष्ट त्याच्यावाचून पुढे जाते.

पुढचा बराच सिनेमा थीब आणि एक जखमी दरोडेखोर यांचा आहे. एकाला उंट हाकता येत नाही, दुसऱ्याला जखमेमुळे हलता येत नाही, दोघांना एकमेकांची गरज आहे. मग कळतं की हा माणूस पूर्वी यात्रेकरूंना मक्केची वाट दाखवायचा. दमास्कसहून मदिनेपर्यंत रेल्वे आली, ती १९०८ मध्ये पोचली, आणि वाटाड्यांचा धंदा बसला. त्याने जे केलं ते माफ होत नाही, थीबही माफ करत नाही. पण तो कशातून घडला हे आपल्याला ठाऊक होतं.

इथे एक शंका यायला हवी. अबू नोवार यांचा जन्म ऑक्सफर्डचा, त्यांचा छायालेखक वोल्फगांग थालर ऑस्ट्रियाचा. मग हा 'आतला' सिनेमा कसा? हाच मुद्दा आहे. पासपोर्टवरून काही ठरत नाही. कॅमेरा कुणाच्या शेजारी उभा आहे, यावरून ठरतं.

दोन प्रश्न, कुठल्याही सिनेमाला

या जोडीतून मला दोन प्रश्न मिळाले. 'चित्रण कसं आहे' यापेक्षा ते धारदार आहेत, कारण त्यांची उत्तरं सिनेमा बघून दोन वेगवेगळ्या माणसांना बऱ्यापैकी सारखीच देता येतील. संशोधनात याला किती किंमत आहे ते तुम्हाला सांगायला नको.

पहिला: या सिनेमात अनोळखी कोण आहे? म्हणजे कुणाची भाषा, घर, कारणं कॅमेऱ्याला माहीत नाहीत?

दुसरा: कोण मेल्यावर गोष्ट थांबते, आणि कोण मेल्यावर ती तशीच पुढे जाते?

'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) घ्या. कैरोच्या बाजारात काळ्या कपड्यांतला तलवारबाज तलवार फिरवत समोर येतो, इंडियाना जोन्स वैतागून पिस्तूल काढतो आणि एका गोळीत संपवतो. थिएटरात हशा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं स्वच्छ क्वचितच मिळतं: इथे माणूस मेल्यावर गोष्ट थांबत तर नाहीच, तिला उलट वेग येतो.

'अमेरिकन स्नायपर' (२०१४) जास्त गुंतागुंतीचा आहे. त्या वर्षीच्या सिनेमांत अमेरिकेत सर्वांत जास्त कमाई करणारा. नायकाचा प्रतिस्पर्धी मुस्तफा हा सीरियन नेमबाज. सिनेमा त्याची बायको आणि तान्हं मूल ओझरतं दाखवतो, ऑलिंपिकचा भूतकाळ सुचवतो. शाहीन यांच्या पट्टीवर कुणी म्हणेल, बघा, थोडी माणुसकी दिली की! पण मुस्तफाला बोलायला जवळजवळ एक वाक्यही नाही. नायकाला झोप न लागणं, बायकोशी तुटत जाणं, हे सगळं आपल्याला आतून कळतं. मुस्तफाचं घर फक्त बाहेरून दिसतं.

आता उलट बाजूचं एक माझं आवडतं. १९९२, म्हणजे डिस्नेचा 'अलादिन' आला तेच वर्ष. इजिप्तमध्ये शरीफ अराफा यांचा 'अल-इरहाब वल-कबाब' आला, अर्थ साधारण 'दहशतवाद आणि कबाब'. नायक आदिल इमाम, तिकडचा सुपरस्टार. एक सामान्य माणूस मुलांच्या शाळेच्या बदलीचा कागद घ्यायला कैरोतल्या मुगम्मा या अवाढव्य सरकारी इमारतीत जातो. या टेबलावरून त्या टेबलावर. एक कारकून तर कायम नमाजातच. शेवटी झटापट होते, पहारेकऱ्याची बंदूक याच्या हातात येते, आणि बघता बघता तो ओलीस धरणारा 'दहशतवादी' ठरतो. बाहेर पोलीस, मंत्री, फौजफाटा. मागण्या काय? त्याला काही सुचत नाही. सगळ्यांना भूक लागलीय, म्हणून कबाब मागवतात. तहसील कचेरीत दाखल्यासाठी चार खेटे घातलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा सिनेमा सबटायटलशिवाय कळेल. 'अलादिन'मधलं अग्राबा शहर नकाशावर कुठेच नाही, मुगम्मा मात्र तहरीर चौकात खरोखर उभी आहे.

सॅम्पलची भानगड

आतापर्यंत वाचून कुणी म्हणेल की अरब सिनेमा खोल आणि हॉलीवूड उथळ. थांबा, इथे एक जुना सापळा आहे.

आपल्यापर्यंत अरब सिनेमा येतो कसा? कान, व्हेनिस, ऑस्कर, मग आपल्याकडचे महोत्सव. त्यातल्या अनेकांत युरोपचा किंवा आखाती देशांचा पैसा असतो. म्हणजे आपण अरब सिनेमातला गाळून आलेला भाग हॉलीवूडच्या न गाळलेल्या ढिगाशी ताडून बघतोय. अशी तुलना सेमिनारमध्ये मांडली तर परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत खाली बसवतील. लोकप्रियाची तुलना लोकप्रियाशीच हवी. कैरोचे विनोदी सिनेमे, मारधाडपट, रमजानमधल्या मालिका, हे अरब प्रेक्षकांचं रोजचं खाणं आहे. मरवान हमेद यांचा 'कीरा वल-गिन' (२०२२) इजिप्तमध्ये तुफान चालला, ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या गुप्त गटाची गोष्ट. तिथे वरचे दोन प्रश्न इंग्रज पात्रांच्या बाजूने विचारा. कुणाची घरं दिसतात आणि कोण नुसते गोळी खाऊन पडतात, ते मोजा. आपला प्रश्न प्रामाणिक असेल तर तो दोन्हीकडे कापतो.

प्रेक्षकांची बाजूही विसरू नका. हैफा अल-मन्सूर यांचा 'वज्दा' (२०१२), सायकल हवी असलेल्या दहा वर्षांच्या मुलीची गोष्ट, हा पूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. रस्त्यावरच्या काही दृश्यांच्या वेळी दिग्दर्शिका व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना द्यायची. पण तेव्हा त्या देशात सार्वजनिक थिएटरच नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये रियाधला पहिलं थिएटर उघडलं तेव्हा पडद्यावर होता 'ब्लॅक पँथर'. 'अरब प्रेक्षक' आणि 'हॉलीवूडचा प्रेक्षक' या दोन वेगळ्या पेट्या नाहीत. भाईसुद्धा मार्व्हलचे सिनेमे पहिल्या आठवड्यात बघायचे.

मधला रस्ता शोधणारेही आहेत. मोहम्मद दियाब यांनी 'इश्तिबाक' (२०१६) हा सिनेमा जवळजवळ अख्खा एका पोलीस गाडीच्या आत केला. २०१३ चा कैरो, त्या गाडीत एकमेकांचे कट्टर विरोधक कोंबलेले. इथे प्रत्येक जण दुसऱ्याला अनोळखी, आणि उकाडा सगळ्यांना सारखा. याच दियाबना पुढे मार्व्हलच्या 'मून नाइट' (२०२२) या मालिकेचे बरेच भाग मिळाले. त्यांनी इजिप्शियन संगीतकार आणि संकलक सोबत नेले, कैरो हे पिरॅमिडशेजारचं वाळवंट नसून गजबजलेलं शहर आहे हे दाखवलं. फरक पडला, तो मी नाकारत नाही. तरी नायक बाहेरून येतो आणि इजिप्त म्हणजे देव आणि थडगी, हा मूळ आराखडा तसाच राहिला. दिग्दर्शक बदलला की पात्रं सुधारतात. आराखडा बदलायला पैशाची आणि पटकथेची सूत्रंही हातात लागतात, असं मला यातून दिसतं.

आणि आपला कॅमेरा?

दुसऱ्यांच्या सिनेमावर बोट ठेवताना आपलाही नमुना पट्टीखाली घालावा. 'आडुजीवितम' (२०२४) हा ब्लेसी यांचा मल्याळम सिनेमा. केरळचा नजीब नोकरीसाठी आखातात जातो आणि वाळवंटात शेळ्या-मेंढ्या राखायला जुंपला जातो. याचंही चित्रण वादी रममध्ये झालंय! रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात गेलेली आहेत, त्यामुळे ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही.

पहिला प्रश्न विचारा. अनोळखी कोण? अरब मालक. त्याची भाषा नजीबला कळत नाही, त्याचं घर आपल्याला दिसत नाही, तो क्रूर आहे एवढंच कळतं. मग हा सिनेमा 'रूल्स ऑफ एंगेजमेंट'च्या रांगेत बसवायचा का? मला नाही वाटत. नजीबला मालक कळत नाही कारण त्याला कळून घ्यायची सोयच ठेवलेली नाही: सुटकेची वाट नाही, भाषा नाही. लॉरेन्सच्या मागे साम्राज्य उभं होतं, हवं ते जाणून घ्यायची ताकद होती. न कळणं दोघांचं, पण एकाला ते लादलेलं आणि दुसऱ्याला परवडणारं. म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाला एक पुरवणी जोडावी लागते: न कळण्याची किंमत कोण मोजतंय?

बघा, तिसऱ्या नमुन्यावर प्रश्नच सुधारावा लागला. संशोधनात हे सतत होतं आणि त्याला घाबरायचं नसतं.

शेवटी माझं विधान एवढंच उरतं: लोकप्रिय हॉलीवूड अरब माणसाला वाईट दाखवतं ही अर्धीच तक्रार आहे. मोठी तक्रार ही की ते त्याला न ओळखताच गोष्ट पुरी करतं, आणि तसं करणं त्याला परवडतं. 'थीब', 'पॅरडाइज नाउ', 'अल-इरहाब वल-कबाब' हे चांगली माणसं दाखवतात म्हणून वेगळे नाहीत, ओळख करून घेतल्याशिवाय पुढे सरकत नाहीत म्हणून वेगळे आहेत. हे मी सात-आठ सिनेमांवरून म्हणतेय, 'सगळ्या अरब सिनेमा'वरून नाही.

तुमच्यासाठी काम: या आठवड्यात कुठलाही एक सिनेमा घ्या, हिंदी, मराठी, कुठलाही. कागदावर तीन रकाने आखा: कोण अनोळखी, कोण मेल्यावर गोष्ट थांबते, न कळण्याची किंमत कुणाला. मित्राला किंवा मैत्रिणीला तोच सिनेमा वेगळा बसून भरायला सांगा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे दोघांच्या नोंदी जुळत नाहीत, तिथे पेन्सिलने खूण करा. सिनॉप्सिसचा प्रश्न बहुतेक वेळा त्याच खुणेपाशी सापडतो.